काटक

फेब्रुवारी-मार्चमध्ये फिनिक्सच्या आसपास गाडी काढून कुठेही निघालात, तर फ्रीवेच्या उतारावर, दगडगोट्यांत, जिथे दुसरं काही उगवायचं नाही अशा जागी केशरी फुलांची कमरेएवढी झुडपं दिसतात. हे ग्लोबमॅलो. शास्त्रीय नाव स्फेराल्सिया अँबिग्वा. सोनोरा आणि मोहावे ही दोन वाळवंटं म्हणजे त्याचं माहेर. पाच वर्षांपूर्वी मी अंगणात चार लावली. त्यातली दोन गेली, पण जाण्याआधी बिया टाकून गेली, त्यामुळे आता पाच आहेत. :)

फूल जवळून पाहिलं की ओळखीचं वाटतं. पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची एक नळी. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस यांच्याच कुळातलं आहे ते. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथे आले होते तेव्हा त्यांनी पुस्तक-बिस्तक न बघता, एक फूल बोटांत फिरवून सांगितलं, "ह्ये तर भेंडीच्या घरातलं." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव केशरी भेंडी.

पानं राखाडी-हिरवी, लवदार. या लवेमुळे ऊन थोडं परतवलं जातं आणि पानातलं पाणीही कमी उडतं. भिंगातून पाहिली तर ही लव चांदण्यांच्या आकाराची दिसते. डोळ्यांत गेली तर मात्र चांगलीच चुरचुरते, म्हणून छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. आणखी एक गंमत म्हणजे काही रानमाश्या मुख्यतः याच फुलांच्या परागावर जगतात, आणि त्यांतले नर रात्री फुलातच झोपतात. सकाळी जरा लवकर बाहेर आलं की पाकळ्यांच्या वाटीत पाय पोटाशी घेऊन निजलेली माशी सापडते. चहाचा कप हातात घेऊन हे बघत उभं राहणं हा माझा मार्चमधला ठरलेला कार्यक्रम.

तर, नर्सरीत या झाडाच्या कुंडीला एक चिठ्ठी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं : ड्राउट टॉलरंट. दुष्काळ सोसणारं. माझं या लेखातलं सगळं म्हणणं त्या चिठ्ठीबद्दल आहे.

इकडे ओळखीत बऱ्याच घरी हे झाड आणलं जातं आणि बऱ्याच घरी ते पहिल्याच जूनमध्ये मरतं. चिठ्ठी वाचून लोक समजतात की याला पाणी लागत नाही. पण कुंडीतून काढलेल्या रोपाची मुळं कुंडीएवढीच असतात. ती खाली गेलेलीच नसतात, मग सोसणार कशाच्या जोरावर? पहिलं वर्षभर त्याला पाणी द्यावंच लागतं. तेही रोज घोटभर नाही. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच रेंगाळतात. सावकाश, खोलवर मुरेल असं द्यायचं आणि मग माती चांगली सुकू द्यायची. मी पहिल्या उन्हाळ्यात साधारण आठवड्या-दहा दिवसांनी देते. दुसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्यायचा. जम बसलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात सतत ओल मिळाली तर मुळं कुजतात. त्या दिवसांत ते पानं गाळून अर्धमेलं दिसतं, पण ती त्याची झोप असते. ऊन उतरलं की पुन्हा फुटतं.

लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी मुळांना सहा-सात महिने मिळतात. खड्डा कुंडीएवढाच खोल, पण रुंद घ्यायचा. खत-कंपोस्ट काही घालायचं नाही. आधी खड्ड्यात पाणी भरून बघायचं. काही तासांत उतरलं नाही तर खाली कॅलिची आहे असं समजायचं. कॅलिची म्हणजे चुन्याने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर, इथल्या जमिनीत तो खूप ठिकाणी असतो. तो पहारीने फोडायचा, नाहीतर जागा बदलायची. बहर संपला की वीतभर ठेवून बाकी छाटून टाकायचं. बियांचं कवच टणक असतं, त्यामुळे पेरण्याआधी सँडपेपरवर हलकेच घासल्या तर लवकर रुजतात. इतकंच. ससे कोवळी रोपं खातात, म्हणून वर्षभर भोवती जाळी.

आता कोणी म्हणेल, रस्त्याकडेच्या झुडपांना कोण पाणी घालतं? कोणीच नाही. पण तिथे पावसानंतर जी असंख्य रोपं उगवतात, त्यांतली बहुतेक उन्हाळा बघतच नाहीत. एखाद्याला दगडाची सावली मिळते, एखाद्याच्या वाट्याला लागोपाठ दोन चांगले पाऊस येतात, ती टिकतात. आपण गाडीतून बघतो ती ही टिकलेली. मेलेली दिसत नाहीत, म्हणून आपण म्हणतो, काय काटक झाड आहे!

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला भाग. "माणदेशी माणूस काटक" हे वाक्य पुण्या-मुंबईत कौतुकाने म्हटलं जातं आणि आम्हीही ते कौतुक म्हणूनच घ्यायचो. खरं तर माणमध्ये फिनिक्सच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. फिनिक्सची वर्षाची सरासरी जेमतेम सात इंच. तरी माझ्या घरी चोवीस तास नळ, कारण कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने, डोंगर चढवून इथे आणलं आहे. त्या कालव्याचं काम १९७३ मध्ये सुरू झालं आणि १९९३ पर्यंत चाललं. १९७३ मध्ये आमच्या गावात दुष्काळी कामं सुरू होती. अण्णा खडी फोडत होते आणि घरात तांबड्या मिलोच्या भाकरी होत होत्या. इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ मध्ये ॲरिझोनाचं पाणी कमी झालं. त्याची पहिली झळ शहराला नाही, शेतकऱ्यांना बसली. शेतकरी इथेही काटकच समजले जातात बहुतेक.

अण्णा इथे होते तेव्हा एकदा रोपांना पाणी देत होते. तांब्याने, एक थेंब खोडाबाहेर न सांडता. मी म्हटलं, "तुम्हाला बरं कमी पाण्यात भागवायची सवय आहे." त्यांनी मान वर केली नाही.

"सवय कुठं होतीया गं. दुसरं काय नसतंय, म्हनून चालवायचं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते वाक्य आणखीच लक्षात राहिलं.

आता जे मला फोनवर बोलता येत नाही ते लिहिते. हे घरच्या मंडळींसाठी आहे, इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. अण्णा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. गावी नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते अजून बादल्यांनी पाणी आत नेतात. गच्चीवर टाकी बसवून स्वयंपाकघरात आणि मोरीत नळ घ्यायचा विषय तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर मिटला : "अण्णांना सवय आहे, त्यांना काही लागत नाही." कोणी वाईट हेतूने म्हणत नाही हे मला माहीत आहे. पण ही तीच नर्सरीची चिठ्ठी आहे. जो मागत नाही त्याला लागत नाही, असं तिच्यावरून ठरवून टाकणं फार सोयीचं असतं. शिवाय अण्णा काही ऑक्टोबरात लावलेलं रोप नाहीत, पुढे मुळं धरतील म्हणून वाट बघायला. त्यांचे गुडघे आजच दुखतात.

दिवाळीच्या आत टाकी बसवूया. हजार लिटरची पुरे. पैसे मी पाठवते, गवंडी आणि प्लंबर तिथल्या कोणीतरी बघा. अण्णा नको म्हणतील, दोन-तीनदा म्हणतील. ते धरू नका.

आणि फिनिक्स-टूसॉनकडच्या मंडळींपैकी कुणाला केशरी भेंडीच्या बिया हव्या असतील तर कळवा. डबाभर जमल्यात. फक्त पहिल्या वर्षी पाणी द्यायचं कबूल करा.