रांगणाऱ्या गाडीचा उजेड

मुलांनो, सायकलचा डायनामो तुम्ही पाहिला आहे का? आता तो फारसा दिसत नाही, पण आईबाबांना विचारा. चाकाला घासून फिरणारी ती छोटीशी बाटली! जोरात पायडल मारलं की दिवा लख्ख, दमून हळू झालं की मिणमिणता, आणि थांबलं की अंधार. आमच्या काकांच्या जीपची गत थोडीफार अशीच होती.

जीप १९६८ सालची, पेट्रोलवर चालणारी. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली आणि काकांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली. भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगरात आमचं गाव. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं की काकांची कडी वाजायची. "काका, जीप काढता का?" काका कधी नाही म्हणाले नाहीत.

जुलै २०१७ मधली गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाला रात्री साप चावला. बाहेर धो धो पाऊस, धुकं, आणि फोनला रेंज नाही. आम्ही त्याला जीपमध्ये घेतलं आणि भोरकडे निघालो. चिखल आणि वळणं, त्यामुळे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. दिवे चालू, वायपर चालू. काकांसमोर एक छोटं मीटर होतं. काटा अधिककडे असला तर बॅटरीत वीज भरतेय, उणेकडे असला तर बॅटरी रिकामी होतेय. काटा सारखा उणेकडे! दिवे हळूहळू हळदीसारखे पिवळे झाले. काकांनी वायपर बंद केला. अवघड वळणांवर मी टॉर्च घेऊन गाडीपुढे चालत होतो. मागून मुलाची आई विचारत होती, "मास्तर, अजून किती लांब?"

पोहोचलो आम्ही. मुलाला वेळेवर इंजेक्शन मिळालं आणि पंधरा दिवसांनी तो वर्गात पाढे म्हणत होता. पण काकांच्या डोक्यातून ती रात्र जाईना. ते भोरच्या मिस्तरींकडे नवी बॅटरी घ्यायला गेले. मीही बरोबर होतो.

मिस्तरी म्हणाले, "बॅटरी बिचारी काय करणार? बॅटरी म्हणजे टाकी. टाकीत पाणीच पडलं नाही, तर नळ किती वेळ चालेल?" त्यांनी हिशोबच मांडला. समोरचे दोन दिवे, प्रत्येकी ४५ वॅटचे, झाले ९०. बारा व्होल्टने भागा : साडेसात अँपिअर. मागचे दिवे, वायपर, इंजिनातल्या ठिणगीची वीज धरली की पंधराच्या घरात जातं. जीपचा डायनामो बावीस अँपिअर देऊ शकायचा, पण केव्हा? गाडी पळत असेल तेव्हा! इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच देत नव्हता.

असं का? तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. तार हलवली तरी चालतं. डायनामोत बाहेरचे चुंबक स्थिर असतात आणि तारेची जड वेटोळी आत फिरतात. सगळी वीज फिरत्या भागातून बाहेर काढायची, म्हणून त्यावर तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना घासणारे कार्बनचे तुकडे. हा जड भाग फार वेगाने फिरवला तर वेटोळी सुटून येण्याची भीती. म्हणून त्याची पुली मोठी ठेवतात आणि मंद इंजिनावर तो फारच सावकाश फिरतो.

आल्टरनेटरने काय केलं? आतलं बाहेर आणि बाहेरचं आत! वीज देणारी जड वेटोळी बाहेर स्थिर बसवली आणि आत विजेवर चालणारा चुंबक फिरवला. हा भाग हलका आणि मजबूत. म्हणून त्याला लहान पुली लावता येते आणि इंजिन हळू असतानाही तो भराभर फिरतो. अडचण एकच. त्याची वीज सारखी दिशा बदलते, आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज लागते. त्यासाठी सिलिकॉनचे डायोड बसवतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. असे डायोड स्वस्त झाले आणि १९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीला आल्टरनेटर बसवला. पुढे तो सगळीकडे पसरला.

काका मात्र कुरकुरले. "वडिलांच्या वेळचा डायनामो काढायचा? मग जीप जुनी ती कसली राहिली?"

मिस्तरी शांतपणे म्हणाले, "काका, डायनामो वाईट नाही. पण त्याला पळणारी गाडी लागते. तुमची गाडी रात्री रांगते."

काका गप्प झाले. मग म्हणाले, "कधी आणू गाडी?"

काम दोन दिवस चाललं. मिस्तरींनी सर्वांत आधी बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या अंगाला जोडलंय ते तपासलं, कारण उलटं जोडलं तर डायोड जळतात. पट्टा सरळ रेषेत यावा म्हणून आल्टरनेटरसाठी नवीन पट्टी घडवली. जुनी कटआउटची पेटी काढली. बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून ती असते. आता ते काम डायोड करणार. वीज जास्त येणार म्हणून जाड वायर ओढली आणि मीटरही मोठं बसवलं. शेवटी काकांसमोर एक छोटा लाल दिवा लावला. तो कशाला? आतल्या चुंबकाला सुरुवातीला थोडीशी वीज लागते, ती या दिव्यातून जाते. दूध कितीही असलं तरी दही लागायला चमचाभर विरजण हवंच ना, तसं!

इंजिन सुरू झालं. मिस्तरींनी सगळे दिवे लावले आणि गाडी उभीच ठेवली. काटा अधिककडे! काकांनी मीटरवर बोट ठेवून दोनदा पाहिलं.

जुना डायनामो काकांनी पुसून, तेल देऊन आमच्या शाळेला दिला. आता तो प्रयोगाच्या कपाटात असतो. बॅटरीच्या वायर लावल्या की वीज देणारा तो म्हातारा मोटर होऊन गरगर फिरतो. कटआउट कशासाठी होता, हे मुलांना एका क्षणात कळतं. आणि हो, सायकलच्या ज्या बाटलीला आपण डायनामो म्हणतो, तिच्यात फिरतो तो चुंबक, म्हणजे तीही खरी आल्टरनेटरच्याच घराण्यातली! मग तिचा दिवा थांबल्यावर का विझतो? विचार करा पाहू.