दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का?

एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणितशिक्षण संशोधकांनी 1979च्या सुमारास अशी गणितं दुसरी-तिसरीच्या वयाच्या 97 मुलांना घातली. त्यांतल्या 76 जणांनी दिलेले आकडे वापरून उत्तर काढलं. 2018 साली हेच गणित चीनमधल्या सिच्वान प्रांतात पाचवीच्या परीक्षेत आलं, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. अशा वेळी निष्कर्ष ठरलेला असतो : मुलं विचारच करत नाहीत.

मुलांच्या आकलनाचा अभ्यास हे माझं काम आहे, आणि हा निष्कर्ष मला मान्य नाही. शाळेत आल्यापासून मुलाने पाहिलेलं असतं की बाईंनी घातलेल्या प्रत्येक गणिताला उत्तर असतं, दिलेला प्रत्येक आकडा वापरायचा असतो आणि कोरी जागा सोडली की गुण जातात. या अनुभवावरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच आहे. फ्रेंच गणितशिक्षणतज्ज्ञ गी ब्रूसो यांनी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या अशा अलिखित कराराचा सविस्तर अभ्यास केला आहे.

तरीही वयाचा भाग उरतोच. एक वाक्य मी नेहमी वापरते : 'एका माणसाने मित्राला लिहिलं, हे पत्र तुला मिळालं नाही तर मला लगेच कळव.' पहिलीतलं मूल बहुधा विसंगती पाहतच नाही, ते गोष्ट पुरी करतं. मित्र फोन करील, म्हणतं. तिसरी-चौथीतल्या मुलाला काहीतरी खटकतं, पण दोष भलत्याच जागी सापडतो. पोस्टमनने नीट पोचवायला हवं होतं, पत्ता चुकला असेल, असं ते सांगतं. पाचवी-सहावीच्या आसपास मूल थांबतं, वाक्य पुन्हा म्हणून बघतं आणि विचारतं, 'पण मिळालंच नाही तर त्याला कळणार कसं?' वाक्याबद्दल बोलता येणं ही निराळी क्षमता आहे, ती उशिरा येते. आल्फ्रेड बिने यांनी 1908च्या बुद्धिमापन श्रेणीत विसंगत विधानांमधली चूक ओळखण्याची कसोटी अकराव्या वर्षासाठी ठेवली होती. (याच बिने चाचण्यांचं मराठी आणि कानडी रूप व्ही. व्ही. कामत यांनी तयार केलं. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1940चा आहे.)

बिने यांचं एक वाक्य मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी जिनिव्हातल्या मुलांसमोर ठेवलं : 'मला तीन भाऊ आहेत, पॉल, अर्नेस्ट आणि मी.' नऊ-दहा वर्षांची मुलंही इथे अडखळत. घरात मुलगे तीन, म्हणून भाऊ तीन. हिशेब चुकलेला नसतो. भावाच्या जागी उभं राहून स्वतःकडे बघणं, आणि परत आपल्या जागी येऊन मोजणं, हे अजून जमत नसतं.

स्कॉटलंडमध्ये मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच आणि सात वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? जवळजवळ सगळ्यांनी उत्तरं दिली, वर कारणंही दिली. दूध मोठं, कारण त्याला रंग असतो! पुढे शेफील्डच्या अमांडा वॉटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कोड्याची मला फार महत्त्वाची वाटणारी उकल केली. स्वेटर झाडापेक्षा जास्त रागावलेला असतो का, असं हो-नाहीत विचारलं की मुलं उत्तर देतात, बहुतेक वेळा 'नाही' म्हणून. पण पाय नाश्त्याला काय खातात, असं मोकळं विचारलं की तीच मुलं सांगतात, माहीत नाही. शिवाय 'नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांना प्रश्न वेडगळ आहे हे कळलेलंही असतं. त्यांचं 'नाही' म्हणजे 'असं काही नसतंच'. आपण मात्र ते तुलनेचं उत्तर म्हणून लिहून घेतो.

हा फरक वर्गापुरता राहत नाही. दवाखान्यात 'इथे दुखतं ना?' म्हणून विचारलं जातं, न्यायालयात 'ते तेव्हा खोलीत होते की नाही?' म्हणून. मुलाला प्रश्न समजला नसेल, तरी हो किंवा नाही येतंच. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात, 2012 पासून, वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे अशी तरतूद आहे. ती योग्यच आहे. पण विचारणारा बदलला आणि प्रश्न हो-नाहीचाच राहिला, तर धोका टळत नाही.

मोठी मुलंही सुटत नाहीत. एलन मार्कमन यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एक उतारा ऐकवला होता : समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि तिथले काही मासे आपलं अन्न रंगावरून ओळखतात. सहावीतल्या अनेकांनाही त्यात वावगं वाटलं नाही. 'यात काहीतरी चूक आहे, शोधा' असं आधी सांगितलं, की मात्र मोठ्या मुलांना ती बऱ्याच अधिक वेळा सापडे. म्हणजे क्षमता आलेली असते, ती वापरायची मुभा नसते.

शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. आठवड्यातून एखादं न सुटणारं गणित, एखादं फसवं वाक्य फळ्यावर लिहा, आणि यात उत्तर नसूही शकतं हे आधी स्पष्ट सांगा. परीक्षेतही असा एक प्रश्न ठेवा. 'हे गणित सुटत नाही, कारण...' असं लिहून ज्याने कारण नीट दिलं असेल, त्याला पूर्ण गुण द्या.