कागद जिथे गप्प असतात

साहसाचा शेवट त्याने सर्वांत आधी लिहून ठेवला होता. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते स्वाभाविकच होते. शेवट ठाऊक असल्याखेरीज कथानकाची बांधणी होत नाही, असे तो एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आला होता. परंतु या वेळी तो कथा लिहीत नव्हता. रविवारी दुपारी त्याच्या पुण्यातील घरी जमणाऱ्या चौघांसाठी तो भूमिका-खेळातील एका कालप्रवासाची आखणी करीत होता. स्थळ पानिपत, तिथी पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. येथे सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही. टेबलाभोवती माणसे बसतात. एकजण सूत्रधार होऊन परिस्थिती वर्णन करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात. निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकाराचा आद्य ग्रंथ मानला जातो, आणि त्याची मुळे टेबलावर लढाया मांडणाऱ्या युद्धखेळांत आहेत. संहिता म्हणावी तर ती सूत्रधाराच्या वहीत असते, पण तेथेही केवळ शक्यता असतात. खेळ संपला की आठवण उरते आणि बशीत चिवड्याचे चार दाणे.

अशा रूपबंधात कालप्रवास आणला की एक जुनाच पेच नव्याने उभा राहतो. भूतकाळ बदलताच येत नसेल तर खेळाडूंच्या कृतीला अर्थ राहत नाही. सूत्रधाराने टाकलेल्या रुळांवरून त्यांनी मुकाट जायचे. आणि भूतकाळ हवा तसा बदलता येत असेल तर कशालाच वजन उरत नाही; चुकले तर पुन्हा मागे जावे. १९८४ च्या 'टाइममास्टर' या खेळाने यातून सोपी वाट काढली: खेळाडू हे काळाचे पहारेकरी, आणि इतिहास बिघडवू पाहणाऱ्यांपासून त्याचे रक्षण करणे हे त्यांचे काम. तोड व्यवहारी आहे, पण तिच्यात एक विचारसरणी दडलेली आहे. जे घडले ते राखण्याजोगे होते, असे मानणे ज्यांच्या वाट्याला जय आला त्यांना सोपे जाते. पुण्यात वाढलेल्या चार माणसांना पानिपतच्या पराभवावर पहारा द्यायला बसवणे हे त्याला क्रूर वाटले, आणि थोडे हास्यास्पदही.

म्हणून पहिल्या खर्ड्यात त्याने विश्वासरावाची गोळी घेतली. त्यालाही कारण होते. त्याचे वडील शाळेत इतिहास शिकवीत, आणि दर संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की ती गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा विषय घरात निघे. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते, फळी फुटली नसती, अटकेवरचा झेंडा राहिला असता. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वडिलांची विशेष आवडती होती, कारण तिच्यातही ती गोळी हुकते आणि तेथून दुसरा इतिहास सुरू होतो. वडील वारले तेव्हा त्र्यं. शं. शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१' ची त्यांची प्रत याच्याकडे आली. गोळीच्या पानावर पेन्सिलीची जाड खूण होती.

हा खर्डा टेबलावर अर्धा तासही टिकला नाही. खेळाडूंनी विश्वासरावाला सहज वाचवले. त्यांतली एक, त्याचीच जुनी विद्यार्थिनी, फासे बाजूला ठेवून म्हणाली, "सर, हे झालं. पण यांनी काल काय खाल्लं होतं?" त्याच्या वहीत याचे उत्तर नव्हते. पुस्तकांत मात्र होते, आणि ते त्याला पाठही होते. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, दिल्लीची आणि दक्षिणेची वाट तुटली, त्यानंतर अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशाही मावळली. छावणीत लढणारेच नव्हते. बायका होत्या, नोकरचाकर होते, उत्तरेतल्या तीर्थांच्या ओढीने फौजेबरोबर निघालेले यात्रेकरू होते. त्या दिवशी बाहेर पडलेली फौज आधीच उपाशी होती. गोळीला कारण मानणे ही कथेची गरज आहे. कथेला वळणबिंदू लागतो. उपासमारीला तो नसतो, ती नुसती पसरत जाते. वडिलांशी जो वाद त्याने त्यांच्या हयातीत कधी घातला नाही, तो आता टिपणवहीत सुरू झाला होता.

दुसऱ्या खर्ड्यात त्याने काळ नोव्हेंबरात नेला आणि रणांगण सोडून छावणी घेतली. नियम एकच ठेवला: कागदात जे आहे ते बदलणार नाही, कागद जिथे गप्प आहेत तिथे खेळ. बखर, पत्रे, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाची हकीकत, यांत ज्याचे मरण नोंदलेले आहे तो मरेल. ज्याची नोंदच नाही त्याचे काय झाले हे फासे आणि खेळाडू ठरवतील. वाचक संहितेतल्या रिकाम्या जागा भरतो हा सिद्धान्त त्याने वर्गात अनेकदा समजावून दिला होता. त्या जागांत माणसे राहत असतील, असे मात्र त्याच्या मनात कधी आले नव्हते.

नियम निर्दोष नव्हता. कागद एकमेकांशी भांडतात, आणि भाऊसाहेबांच्या बाबतीत तर फारच. मृत्यूविषयीचा संशय इतका टिकून राहिला की पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत त्याच्यामागे जाणारी माणसेही मिळाली. म्हणजे पर्यायी इतिहासाचा हा खेळ पेशवाईत आधीच खेळून झाला होता, आणि त्यात जीव गेले होते. अशा ठिकाणी त्याने निकाल दिला नाही. वाद असेल तेथे खेळाडूंनी आपापली बाजू मांडावी, असे ठरवले. एका रविवारी तर फासे हातात न घेता केवळ बखरीच्या विश्वसनीयतेवर चर्चा झाली. चौघांपैकी एकाला ती फार कंटाळवाणी वाटली, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

या नियमाचा खरा परिणाम त्याच्या ध्यानात सावकाश आला. सरदारांना वाचवता येत नव्हते. इब्राहिमखान गारदी वाचत नव्हता, विश्वासराव तर नाहीच. वाचवता येत होत्या त्या जात्यावर बसणाऱ्या बायका, तंबू ठोकणारे, बैलांमागे चालणारी पोरे. इतिहासाने ज्यांची दखल घेतली नाही तेच तेवढे सुटू शकत होते. हा दिलासा मानावा की अपमानावर चढवलेला आणखी एक मुलामा, हे त्याला ठरवता येईना, आणि टेबलावरही कोणी ते ठरवण्याची घाई केली नाही.

शेवटच्या बैठकीत त्या विद्यार्थिनीच्या पात्राकडे एकच घोडे होते. तिने ते एका यात्रेकरू बाईला आणि तिच्या मुलाला दिले व स्वतः छावणीत राहिली. फासे अनुकूल पडले. रात्रीच्या अंधारात घोडे निसटले. सूत्रधाराने वही पुढे ओढली आणि सवयीने विचारले, "बाईचं नाव?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिहू नका. लिहिलंत की तीही कागदात जाईल."

त्याने पेन खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी वही नीटनेटकी करताना पहिल्या पानावरचा तो शेवट त्याने काट मारून टाकला. नावाच्या रकान्यात आडवी रेघ ओढण्याची त्याची पद्धत होती. तो रकाना त्याने तसाच मोकळा सोडला, आणि शेजवलकरांची प्रत, खुणेचे पान न उघडता, पुन्हा कपाटात ठेवली.