अर्ज, आर्जव आणि खाडीचं पाणी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

दूध उतू जाण्याच्या बेतात होतं तेवढ्यात शेजारची धाकटी दारात उभी. हातात मोबाईल, केस ओले. "मावशी, कव्हर लेटरमध्ये नेमकं काय लिहायचं असतं गं? बायोडेटा जोडलाय ना, मग परत काय सांगायचं?"

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेला क्वालिटी कंट्रोल केमिस्ट हवा आहे. कोपरीकरांना बरी जागा. पूल ओलांडून पश्चिमेला जायचीही गरज नाही, ठाणे स्टेशनात दहा नंबरवरून गाडी धरली की झालं. पत्र तिने ॲपकडून लिहून घेतलं होतं. वाचायला दिलं. हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेअर, पॅशनेट. व्याकरणाची एक चूक नाही. मी म्हटलं, "यातलं लॅबचं नाव काढून बारा बंगल्यावरच्या फरसाणवाल्याचं घातलं तरी चालेल की गं!"

हसली, पण चेहरा पडलाच. उगीच बोलले. तिने मदत मागितली होती, शेरा नव्हे. गुरुवारी ये म्हटलं.

मंगळवार, ७ जानेवारी

रात्री झोप लागेना. डोळ्यांपुढे टपालाची टोपली.

वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले, तिथे नोकरीची जाहिरात आली की दोन दिवसांनी टपालाचा ढीग यायचा. एमआयडीसी सुरू झाली १९६२ साली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. त्यामुळे कारखान्यांना माणसं लागायची आणि माणसांना कारखाने. पाकिटं फोडायची, शिक्का मारायचा, 'हो', 'नाही' आणि 'साहेबांना विचारा' असे तीन गठ्ठे लावायचे, हे पर्सोनेलमधलं माझं काम. एका अर्जाला अर्धं मिनिट. बहुतेकांची सुरुवात एकच, 'विथ रेफरन्स टू युवर ॲडव्हर्टाइजमेंट', आणि शेवटी 'युवर्स फेथफुली'. मधला मजकूर मी तिसऱ्या दिवसापासून वाचेनाशी झाले.

एकदा टरेट लेथवर माणूस हवा होता. आलेल्या टाइप केलेल्या अर्जांत एक पोस्टकार्ड, मराठीत, शाईपेनाने लिहिलेलं. मायना नाही, शिक्षण नाही. मी ते 'नाही'त टाकलं. संध्याकाळी साहेब गठ्ठे चाळत होते, त्यांनी ते उचललं आणि उभ्या उभ्या दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की असंच मशीन मी नऊ वर्षं चालवलं. सकाळचा पहिला नग आणि जेवणानंतरचा पहिला नग एका मापाचे येत नाहीत, मशीन तापलेलं असतं, म्हणून मी दोन्ही मोजतो. एवढंच, आणि पत्ता.

त्या महिन्यात आमचा माल मापात बसत नाही म्हणून परत येत होता. जाहिरातीत हे कुठेच नव्हतं, पण साहेबांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तो माणूस लागला. मी 'नाही'त टाकलेलं कार्ड साहेबांनी काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं. ते न बोलणं अजून आठवतं.

गुरुवार, ९ जानेवारी

धाकटी आली. म्हटलं, मोबाईल बाजूला ठेव, आधी जाहिरात मोठ्याने वाच. तीन गोष्टी निघाल्या: टायट्रेशन येणं, नोंदी ठेवता येणं, फ्रेशर चालेल. आता यातलं तू प्रत्यक्ष काय केलंयस ते सांग. मराठीत सांग, इंग्रजीचं नंतर पाहू.

"काही विशेष नाही गं. प्रोजेक्ट केला फक्त."

कसला? तर खाडीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. मिठबंदरला जाऊन भरती-ओहोटीला पाणी भरायचं, ऑक्सिजन उडून जाऊ नये म्हणून काठावरच बाटलीत रसायनं घालून तो पक्का करायचा आणि कॉलेजात नेऊन थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. विंकलरची पद्धत म्हणतात. दोन महिन्यांत चोवीस नमुने. हे सांगताना तिचे हात आपोआप हलायला लागले, ब्युरेटची तोटी फिरवल्यासारखे. निळा रंग गेला की थांबायचं, म्हणाली, एक थेंब जास्त पडला तर गेलं.

"अडचण काही आली?"

गप्प झाली. मग हळू आवाजात, "आली. पण ती नाही लिहायची."

झालं होतं असं. मध्येच ऑक्सिजनचे आकडे वाढायला लागले. मैत्रिणी खूश, खाडी सुधारतेय! हिला पटेना. ओहोटीला तिथे नाक धरून उभं राहावं लागतं, काळा गाळ उघडा पडतो, आणि आकडा म्हणतो की पाणी झकास. तिने थायोसल्फेटची बाटली डायक्रोमेटवर पुन्हा तपासली. द्रावणाची ताकद उतरली होती. ताकद उतरली की ते जास्त खर्ची पडतं, आणि जास्त खर्ची पडलं की ऑक्सिजन जास्त आहे असं वाटतं. नेमकं कोणत्या दिवसापासून उतरली हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून आठ आकडे सरळ रद्द केले, पुन्हा चिखलात उतरली, पुन्हा आठ बाटल्या भरल्या.

"वहीत आहे ते?"

"आहे ना. खोडलेले आकडेपण आहेत, तारखेसकट. सर म्हणाले होते खाडाखोड करायची नाही, एक रेघ मारायची आणि सही करायची."

मी चष्मा काढला. अगं, ही लॅब माणूस शोधतेय कशासाठी? चुकीचा आकडा पुढे जाऊ नये म्हणून ना? सगळ्यांना हवा असलेला आकडा तू अडवलास. आणि पत्रात काय लिहिलंस? पॅशनेट!

शनिवार, ११ जानेवारी

माळ्यावरची ट्रंक काढली. माझ्या स्वतःच्या अर्जाची कार्बन कॉपी मिळाली, १९८६ ची. 'आय बेग टू' चार वेळा. बेग म्हणजे भीक, हे तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं. टायपिंग क्लासच्या मास्तरांनी साचा दिला होता, तो बडवला. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, एवढंच कामाचं. कसलंही गिचमिड अक्षर मला लागतं आणि त्यावरूनच पुढे मी तिथे टिकले, हे त्यात कुठेच नाही.

दुपारी शब्दकोश घेऊन बसले. 'अर्ज' अरबीतून आलेला, मुळात पुढे मांडणं, सादर करणं. 'आर्जव' संस्कृत, 'ऋजु'पासून, म्हणजे सरळपणा. दोन्ही शब्द आपल्याकडे येईपर्यंत हात जोडून उभे राहिले. अर्ज म्हणजे विनवणी झाली आणि आर्जव म्हणजे काकुळत. माझी कार्बन कॉपी दोन्हींचा उत्तम नमुना. ॲपचं पत्र याच्या उलट, छाती फुगवून आलेलं. पण मांडलंय काही, असं त्यातही नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. धाकटी तिळगूळ घेऊन आली आणि बसली. कागद आणलाच होता. इंग्रजीत तीन परिच्छेद झालेत. पण आता दुसरं दुखणं: मधली अकरा महिन्यांची रिकामी जागा. वडिलांच्या आजारपणात ती घरीच होती, डबे, दवाखाना, आणि संध्याकाळी बिल्डिंगमधल्या मुलांची शिकवणी. त्यावर तिने सात ओळी लिहिल्या होत्या. वाचताना माझ्याच पोटात कालवलं.

तरी म्हटलं, एक ओळ ठेव. मायेची गोष्ट आहे, पण अनोळखी माणसाच्या टेबलावर ती सात ओळींनी सैल पडते. लपवलीस तर तो मनाने काहीतरी भरेल, ताणलीस तर तू अजून तिथेच आहेस असं वाटेल. 'वडिलांच्या आजारपणामुळे इतका काळ घरी होते. ते आता बरे आहेत, मी पूर्णवेळ कामाला मोकळी आहे.' पुढे पूर्णविराम.

"कोरडं वाटतं गं."

वाटू दे. ओलावा घरी आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

आजच्याच तारखेला, १९१३ साली, रामानुजननी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्याच्या आदल्या वर्षीचं, ९ फेब्रुवारी १९१२ चं पत्र जास्त जवळचं. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची जागा रिकामी होती, त्यासाठी केलेला अर्ज. इनमिन काही ओळी. मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, तेव्हापासून सगळा वेळ गणिताला दिला, हे काम मी नीट करीन. सोबत एका गणिताच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र. नापास होणं, उपासमार, वणवण, सगळं 'परिस्थितीमुळे'त बसवलं. १ मार्चला तीस रुपयांवर रुजू झाले.

हार्डींना पत्र लिहिताना आरंभ त्याच कारकुनीपासून, पण सोबत पानंच्या पानं प्रमेयं. आणि एक गोष्ट मला पूर्वी माहीत नव्हती. हार्डींच्या एका पुस्तिकेत एके ठिकाणी म्हटलं होतं की दिलेल्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती, याचं नेमकं सूत्र अजून सापडलेलं नाही. रामानुजननी बरोबर तिथेच बोट ठेवलं: जवळजवळ बिनचूक सूत्र मला सापडलंय. तो दावा पुढे टिकला नाही, पण बाकीच्या प्रमेयांनी हार्डींना जागेवर बसू दिलं नाही. केंब्रिजमधल्याच आणखी दोघांना पत्रं गेली होती, त्यांच्याकडून काही हाती लागलं नव्हतं.

धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे हार्डींचं पुस्तक आधी वाचलं होतं ना त्यांनी." बरोबर तेवढंच उचललं. मग स्वतःच रबाळ्याच्या लॅबची वेबसाइट काढून बसली. पाणी आणि सांडपाण्याची तपासणी हेच त्यांचं मुख्य काम! आठवडाभर आम्ही दोघी खाडीबद्दल बोलतोय आणि हे बघायचं मलाही सुचलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

पत्र गेलं. जाण्याआधी टायपिस्ट जागी झाली आणि मी एकेक ओळ बोटाने वाचली. पहिल्या परिच्छेदात कोणती जागा, जाहिरात कुठे पाहिली. दुसऱ्यात खाडी, चोवीस नमुने, आठ रद्द, का रद्द, आणि हेच काम तुमच्याकडे रोज चालतं म्हणून अर्ज करतेय. तिसऱ्यात ती एक ओळ, कधीपासून येऊ शकते, फोन. अडीचशे शब्दांच्या आत, एक पान. विचारलेला नसताना पगाराचा आकडा नाही. मार्कांची यादी बायोडेटात आहे, इथे नाही.

दोन गोष्टींवर वाद झाला. मला 'रिस्पेक्टेड सर' हवं होतं. ती म्हणाली, वाचणारी बाई असेल तर? जाहिरातीत नाव होतं, तेच घातलं. तिची जीत. दुसरं, जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे पत्रात यावेत असा तिचा हट्ट, कारण हल्ली अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. मी म्हटलं, यावेत, पण वाक्यात बसून यावेत. शेवटी वाचणार माणूसच. टायट्रेशन हा शब्द खाडीच्या गोष्टीत आपोआप बसलाच होता.

ई-मेलच्या विषयात जागेचं नाव आणि स्वतःचं नाव. फाइलचं नाव 'फायनल न्यू टू' होतं, तिथेही तिचं नाव घालायला लावलं. ढिगात हरवलेला कागद कसा हरवतो ते मला ठाऊक आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

नकार आला. तीन ओळी. आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार, यावेळी पुढे जाता येत नाही, भावी वाटचालीस शुभेच्छा.

मला वाटलं रडेल. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मावशी, यातलं लॅबचं नाव काढून फरसाणवाल्याचं घातलं तरी चालेल."

हसू आलं आणि पाठोपाठ लाजही. आम्हीही नकाराची पत्रं सायक्लोस्टाइल करून गठ्ठ्याने ठेवायचो. 'श्री./श्रीमती' पुढे मोकळी रेघ, त्यावर मी नावं टाइप करायची. दिवसाला चाळीस-पन्नास. एकेका रेघेमागे कोण होतं, कोणाची कोणती बाटली उतरली होती, मला काय माहीत. पत्र चांगलं असलं की नोकरी लागते असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं; पण मनातून तसंच धरून बसले होते.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी सोसायटीत झेंडावंदन, नंतर जिलेबी. हळदीकुंकवाची बोलावणी अजून चालूच. काल एकीकडे वाण घेताना चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी धाकटीला विचारलं, लागली का गं नोकरी? ती म्हणाली, "एक नकार आलाय." आंब्याला मोहर आलाय म्हणावं तशा आवाजात.

दुपारी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्याची जाहिरात घेऊन आली. मी कागद ओढला आणि म्हटलं, तेच पत्र आहे, नाव बदल, झालं.

"नाही गं. रंगवाल्यांना ऑक्सिजनशी काय करायचंय? त्यांना एक बॅच दुसरीसारखी निघायला हवी. त्यांना बाटलीचं सांगायचं, खाडीचं नाही." आणि माझ्याच टेबलावर बसून लिहायला लागली. सुरुवातीलाच थायोसल्फेट. खाडी गेली खाली, अर्ध्या ओळीत.

मी जिलेबीचा डबा तिच्याकडे सरकवला. पोस्टकार्डवाल्याने दोन नगांचं लिहिलं, ते त्याला कोणी शिकवलं असेल, असा विचार मनात आला. बोलले नाही. तिने डाव्या हाताने जिलेबी उचलली, उजव्या हाताने एक शब्द खोडला. एकच रेघ, शेजारी सही.