काटा, दगड आणि सायकल

रहिमतपूरच्या वाटांवर सायकलचा खरा वैरी म्हणजे बाभळीचा काटा. धाकटा रोज कोरेगावला कॉलेजला जातो. मगरिबच्या आत तो घरी यावा, एवढीच त्याच्या अम्मीची काळजी. म्हणून आम्ही ट्यूबलेस चाके घेतली. त्यांत ट्यूब नसते. काटा रुतला की आतले पातळ सीलंट भोक बुजवते.

मग तो म्हणाला, "अब्बा, टायरमध्ये फोमची कडी टाकू. तिला इन्सर्ट म्हणतात."

जोडी काही हजारांची, आणि थोरलीची फी तोंडावर. तरी आम्ही नीट समजून घेतले. इन्सर्ट काटा अडवत नाही. दगडावर आपटून रिम चेपू नये, टायर निसटू नये, हे त्याचे काम. हवा गेली तरी सावकाश थोडे अंतर काटता येते. खडकाळ डोंगरवाटेला, कमी हवेवर, ते उपयोगीच. पण वजन वाढते, आणि मोठे भोक पडल्यास वाटेत ट्यूब घालताना दमछाक होते.

धाकट्याचा रस्ता डांबरी. तेव्हा ठरले: इन्सर्ट नको. सीलंट उन्हाने सुकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहायचे. पिशवीत जादा ट्यूब आणि पंप ठेवायचा. उद्या तो डोंगरात सायकल नेऊ लागला, तर पुन्हा विचार करू. वस्तू चांगली आहे, एवढ्यावर घेऊ नये. आपल्या वाटेवर काटे आहेत की दगड, ते आधी पाहावे.