शोरूममधून थेट सँडाउनला

मेलबर्नमध्ये ताशी चार-पाच किलोमीटर जास्त झाले तरी कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र घरी येतं. गाडी मनासारखी पळवायची तर पैसे भरून ट्रॅकवर जायचं, दुसरा मार्ग नाही. हे आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे दंड तू आधीच भरून ठेवतोस!"

सँडाउन हा आमच्या घरापासून जवळचा ट्रॅक. १९६२ सालचा, ३.१ किलोमीटरचा, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला वळसा घालणारा. लांब सरळ पट्टे आणि त्यांच्या टोकाला कचकचून ब्रेक, असा त्याचा खाक्या. मागच्या पट्ट्यावर गाडी चढ चढते, माथ्यावर हलकी होते आणि उताराला लागताच वळणं येतात. माझ्या जुन्या टर्बो हॅचबॅकचं पेडल तिथेच मऊ पडलं. पुढच्या फेरीत पाय जवळजवळ तळाला गेला. ब्रेक फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पायातला जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. शेजारी बसलेले प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "पेडल पंप करा, गिअर उतरवा." पिटमध्ये आल्यावर सवयीने हँडब्रेक ओढायला गेलो, तर त्यांनी हात धरला. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावला. उन्हात बॉनेट उघडं टाकून बसलो, तेव्हा पुढच्या चाकातून करपल्याचा वास येत होता.

त्या दिवसापासून गाडी बघताना माझी नजर ताकदीच्या आकड्यावर थांबत नाही. वेग दुप्पट झाला तर गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी त्या चार डिस्कनी पचवायची असते.

२०२२ मध्ये नवी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा मित्राचं म्हणणं होतं, "अरे, जुनी घे आणि हवी तशी करून घे." तो स्वतः तेच करतो. पॅड बदलले की सस्पेन्शन खुपतं, सस्पेन्शन बदललं की रेडिएटर अपुरा पडतो. त्याच्या गॅरेजच्या पावत्यांची फाइल माझ्या घराच्या कागदपत्रांपेक्षा जाड आहे. वर मोठा बदल केला की इंजिनिअरचं प्रमाणपत्र मिळवा. मला कारखान्यातूनच तयार गाडी हवी होती. शनिवारी ट्रॅक, सोमवारी मुलीची शाळा.

माझदा एमएक्स-५ हलकी आणि गोड, पण छत कापडी. उघड्या गाडीला रोल बार हवा, असं ट्रॅक डे भरवणारे बरेचजण सांगतात. टोयोटा जीआर ८६ चालवून उतरावंसं वाटत नव्हतं, पण मागच्या सीटवर दप्तर मावेल, मुलगी नाही. तेव्हाची जीआर यारिस म्हणजे १.६ लिटरच्या तीन सिलिंडरमधून २०० किलोवॉट आणि चारही चाकांना ताकद. खरं सांगायचं तर मन तिच्यावरच होतं. घरी मात्र पाच दारांवर एकमत झालं.

शेवटी ह्युंदाई आय-३० एन घेतली. २०६ किलोवॉट, पुढे ३६० मिलिमीटरच्या डिस्क, पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. विक्रेता एक्झॉस्टचे फटाके ऐकवत होता, तेव्हा मी बंपरमधून ब्रेककडे हवा नेणाऱ्या वाटा मोबाइलच्या टॉर्चने शोधत होतो. पण सौदा पक्का झाला तो वॉरंटीच्या एका कलमावर: शर्यत नसेल आणि वेळ मोजली जात नसेल, तर ट्रॅकवर चालवल्याने वॉरंटी जात नाही, असं कंपनीने ऑस्ट्रेलियात सांगून ठेवलं आहे. वेगवान गाडी बरेचजण बनवतात; ती ट्रॅकवर चालवा आणि तरीही आम्ही जबाबदार, असं म्हणायला धमक लागते.

विम्याचं तसं नाही. नेहमीची पॉलिसी ट्रॅकच्या दारापाशी संपते. त्या दिवसापुरता वेगळा विमा काढावा लागतो. शिवाय तयार गाडी म्हणजे निष्काळजी गाडी नव्हे. डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ही हद्द १५५ पर्यंत घसरू शकते. म्हणून हंगामाआधी फ्लुइड बदलतोच. सँडाउनवर आता पेडल संध्याकाळपर्यंत घट्ट राहतं. माझ्या ब्रेक मारण्याच्या जागा अजून सुधारायच्या आहेत, तो दोष गाडीचा नाही.

पुण्याहून भाचे विचारतात, ट्रॅकसाठी कुठली गाडी घेऊ? मी सांगतो, आधी कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर घरचीच गाडी घेऊन जा. निघण्यापूर्वी ब्रेक फ्लुइड बदला, पॅड बघून घ्या आणि वॉरंटीचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा. नवी गाडी त्यानंतर.