फोडींचं तसराळं

बागवानाच्या घरात फळ विकत आणलं जात नाही आणि चांगलं फळ सहसा खाल्लंही जात नाही. चांगलं फळ गिऱ्हाईकाचं. घरात येतं ते संध्याकाळी हातगाडीवर उरलेलं. एका अंगाला दबलेलं संत्रं, देठाशी काळवंडलेलं केळं, पाखरानं चोच मारलेला पेरू, पेटीच्या तळाला बसून चपटी झालेली मोसंबी. या मालाला धंद्यात 'डागी' म्हणतात. मिरजेत आमच्या तीन पिढ्यांनी फळं विकली आणि तीन पिढ्यांची मुलं डागी फळांवर वाढली. त्यामुळे फ्रूट चाट, फ्रूट सॅलड, फळांची कोशिंबीर अशी ज्याला आज नावं आहेत, तो पदार्थ आमच्याकडे कुठल्या पुस्तकातून आला नाही. तो उरलेल्या मालातून आला. घरात त्याला साधं नाव होतं, 'फोडी'.

तामचिनीचं एक मोठं तसराळं होतं, पांढरं, निळ्या काठाचं. फोडी त्यातच व्हायच्या. पितळेच्या भांड्यात आंबट फळ कळकतं, म्हणून पितळ वर्ज्य. तसराळं काठोकाठ भरलं की आम्हा मुलांना कोण आनंद व्हायचा! अम्मीचा चेहरा मात्र उतरलेला असायचा. फोडी जास्त म्हणजे विक्री कमी, हे गणित आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

फोडींचा कारभार दादीचा. तिचा नियम एकच होता. "दाग फेंक, फल नक्को फेंक." पण कुठला डाग फेकायचा आणि कुठलं फळ अख्खंच टाकायचं, हे तिला नाकानं कळायचं. दबलेल्या संत्र्याची तेवढी फोड काढली की बाकीचं संत्रं चांगलं. पण सालीवर हिरवी-पांढरी बुरशी चढली असेल, तर वास आतपर्यंत गेलेला असतो. ते संत्रं ती शेजारच्या फळांपासूनही दूर ठेवायची. तिचा दुसरा एक कटाक्ष होता. डागी फळ अख्खं कुणाला द्यायचं नाही, अगदी दारी आलेल्या फकिरालाही नाही. ती म्हणायची, अख्खं डागी फळ हातावर ठेवलं की घेणाऱ्याला त्याची जागा दाखवल्यासारखं होतं. डाग काढून, कापून, सगळ्यांच्यात मिसळून दिलं की ते सगळ्यांचं. मग कोण गरीब, कोण शेजारी, कोण घरचा, हा प्रश्न राहत नाही.

करण्याची रीत ठरलेली. आधी संत्री आणि मोसंबी. नागपुरी संत्र्याची साल ढिली, हातानं सहज निघते. पांढरे धागे काढायचे, प्रत्येक फोडीचं वरचं पातळ कातडं उसवायचं, बिया काढायच्या. सोललेल्या फोडी तळाला घालून वर चमचाभर साखर पेरायची. साखरेनं रस सुटतो आणि पुढची सगळी फळं या रसात पडतात. सफरचंद, पेरू कापल्या कापल्या रसात बुडवले की काळे पडत नाहीत. लोखंडी विळीवर चिरलेल्या पेरूच्या कडा काळवंडतात, म्हणून तो हातात धरून सुरीनं कापायचा. मग पपई, द्राक्षं, जे उरलं असेल ते. केळं सगळ्यात शेवटी, मगरिबच्या अजानला दहा मिनिटं असताना. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन चिमटी मिरपूडही तेव्हाच, कारण मीठ लवकर पडलं की फोडी पाणी सोडून मऊ पडतात. वरून डाळिंबाचे दाणे. डाळिंब महाग, पण तडकलेलं डाळिंब कुणी घेत नाही. ते आमचं.

संत्र्याच्या साली फेकायच्या नाहीत. छपरावर वाळवून, कुटून त्यांचं उटणं व्हायचं आणि ईदच्या जर्द्यात सालीचे बारीक कातरलेले, उकळून कडूपणा काढलेले धागे पडायचे.

पुढे लग्नाकार्यांत कस्टर्डचं फ्रूट सॅलड आलं. पिवळं, गार, दुधातलं. आम्ही मुलं त्यावर तुटून पडायचो. दादी मात्र त्याच्याकडे संशयानं बघायची, कारण त्यात संत्रं नसायचं. संत्र्याच्या आंबटपणानं दूध फाटतं, म्हणून आचारी ते टाळतात. "जिस में संतरा नक्को, वो काहे के फोडी?" एवढं बोलून ती वाटी बाजूला सारायची.

अब्बांना या धंद्याचा अभिमान होता. गल्ल्याच्या झाकणाला आतून त्यांनी दिलीपकुमारचा फोटो चिकटवला होता. सिनेमाच्या वेडामुळे नव्हे, तर दिलीपकुमारांचे वडील फळांचे व्यापारी होते म्हणून. पेशावरहून आलेल्या या कुटुंबानं नाशिकजवळ देवळालीतही बस्तान बसवलं होतं. पुढे १९९० नंतरच्या दशकात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीच्या व्यासपीठावर दिलीपकुमार उभे राहिले, तेव्हा अब्बांनी वर्तमानपत्राचं कात्रण त्याच झाकणाला लावलं. "आपला माणूस," एवढंच म्हणाले. हातगाडी ढकलणाऱ्याला असं म्हणायला फारशी माणसं मिळत नाहीत.

रमजानचा महिना चंद्रावर चालतो. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत साधारण तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. त्यामुळे इफ्तारच्या तसराळ्यात कुठलं फळ पडतं, त्यावरून मला वर्षं आठवतात. विदर्भात संत्र्याचे दोन बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि पावसाच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वरूड-मोर्शीकडचा माल ट्रकनं आमच्याकडे यायचा, लाकडी पेट्यांत, पेंढ्यात बसवून. १९७२ सालचा रमजान ऑक्टोबरात सुरू झाला. म्हणजे संत्र्याचा रमजान. पण ते दुष्काळाचं वर्ष. लोकांच्या हाती पैसा नव्हता, अब्बा माल बेतानंच उचलायचे. मी तेव्हा सात वर्षांची. एका संध्याकाळी घरात चारच संत्री होती आणि माणसं अकरा. दादीनं फोडी मोजल्या. एका संत्र्यात दहा, कधी अकरा. चाळीस-एक्केचाळीस झाल्या. प्रत्येकाला तीन धरून उरलेल्या सात-आठ तिनं एका बशीत काढल्या आणि अम्मीला म्हणाली, "ये उधर दे." उधर म्हणजे भिंतीपलीकडे, काकूंच्या घरी.

काकू ब्राह्मण. आमचं आणि त्यांचं परसदार एकाच कमरेएवढ्या भिंतीचं. सुरुवातीला त्या आमच्याकडचं शिजवलेलं काही घेत नसत. त्याबद्दल कुणाचा राग नव्हता, त्यांचं त्यांच्यापाशी. पण फळाला विटाळ नाही, असं त्यांच्या सासूबाईंनीच एकदा सांगितलं आणि फोडी भिंत ओलांडून जायला लागल्या. त्या घरात या पदार्थाचं नाव 'कोशिंबीर'. भांडं रिकामं परत येत नसे. त्यात कधी शेंगदाणे, कधी गूळ, कधी लाह्या. पुढे शिजवलेलंही यायला-जायला लागलं, ते कधीपासून, हे दोन्ही घरांत कुणाला सांगता येणार नाही. तेहतीस वर्षांचा फेरा पुरा होऊन २००४ आणि २००५ साली रमजान पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आला, तेव्हा दिवाळी आणि ईद थोड्याच दिवसांच्या अंतरानं पडल्या. एका बाजूनं चकली-चिवडा आणि दुसऱ्या बाजूनं संत्र्याच्या फोडी, असा भिंतीवर बाजार भरला होता.

दादीला अरबी वाचता येत नव्हतं. नमाजपुरत्या सुरा तेवढ्या तोंडपाठ. एकदा वाजमध्ये मौलवीसाहेबांनी ती प्रसिद्ध हदीस सांगितली. कुरआन वाचणारा मोमिन उत्रुजसारखा, चवही चांगली आणि सुगंधही चांगला. न वाचणारा मोमिन खजुरासारखा, गोड पण सुगंध नसलेला. उत्रुज म्हणजे आपलं महाळुंग, संत्र्या-लिंबाच्या कुळातलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच. दादीनं घरी येऊन हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मैं खजूर सही." मला तेव्हा वाईट वाटलं. पण तिला वाटलं नव्हतं. रोजा शेवटी खजुरानंच सोडतात, हे तिला माझ्याआधी सुचलं असणार.

सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. महिना रमजानचा. भावाच्या दोन्ही गाड्या अंगणात ओढून घेतलेल्या. मोसंबी, पपई, केळी असा सगळा माल घरात आणि रस्त्यावर माणूस नाही. केळं संचारबंदी पाळत नाही, ते पिकतच जातं. दुसऱ्या दिवशी अम्मीनं घरातल्या सगळ्या बायकांना सुऱ्या घेऊन बसवलं. त्या दिवसाएवढ्या फोडी आमच्या घरात आधी कधी झाल्या नव्हत्या. तसराळं, पातेली, धुतलेल्या बादल्याही भरल्या. परसदारांनी, भिंतींवरून त्या गल्लीभर गेल्या, दोन्हीकडच्या घरांत. भाजी-दूध बंद होतं. लोकांनी पोरांना फोडी खाऊ घातल्या. कुणी विचारलं नाही की कापल्या कुणी.

पुढे काय झालं हे सांगताना मला म्हणूनच जड जातं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, मुसलमान फळवाले फळांना थुंकी लावतात अशा अफवा मोबाइलवरून देशभर फिरल्या. ठिकठिकाणी बहिष्काराची भाषा झाली. एका वसाहतीच्या फाटकाशी भावाला नाव विचारलं गेलं आणि गाडी परत फिरवायला सांगितली. घरी येऊन तो काहीच बोलला नाही. पण त्या संध्याकाळी तसराळं काठोकाठ भरलं, त्यावरून आम्हाला कळलं.

तेव्हा मला समजलं की आमच्या धंद्याच्या मुळाशी काय आहे. अख्खं फळ कुणाकडूनही घेता येतं. ते धुता येतं, सोलता येतं. कापलेली फोड मात्र माणूस विश्वास असलेल्या हातातूनच घेतो. आणि आता लोकांना आमच्या हातचं अख्खं फळसुद्धा नको होतं.

त्या वर्षी २५ एप्रिलला पहिला रोजा होता. संत्र्याचा मोसम सरलेला, तसराळ्यात कलिंगड, खरबूज आणि थोडी द्राक्षं. अम्मी म्हणाली, यंदा काकूंकडे नको पाठवायला. त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल आणि आपल्याला ते ऐकणं. सगळ्यांना पटलं. आजाराचे दिवस, निमित्तही होतं. चार दिवस फोडी भिंतीपलीकडे गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी अजानच्या आधी काकू स्वतःचं पातेलं घेऊन भिंतीशी उभ्या. वय ऐंशीच्या पुढचं, तोंडाला पदर बांधलेला.

"वहिनी, यंदा फोडी बंद का?"

अम्मी म्हणाली, "दिवस कसले आहेत, तुम्ही बघताय ना काकू."

"दिवस आजाराचे आहेत. हात धुऊन कापता ना? मग द्या."

अम्मीनं पातेलं भरलं. काकूंनी ते लांबूनच उचललं आणि घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी भांडं परत आलं तेव्हा त्यात शेंगदाण्याची चटणी होती. एवढंच घडलं. एका घरानं मागून घेतलं म्हणून बाकीची फाटकं उघडली नाहीत. भाऊ तो महिनाभर दुसऱ्याच रस्त्यांनी फिरला आणि तसराळं बरेच दिवस काठोकाठ भरत राहिलं. पण अम्मी त्या रात्री नीट जेवली.

आता अम्मी नाही, काकूही नाहीत. त्यांची सून आणि माझी वहिनी भिंतीवरून बोलतात, बहुतेक मोबाइलच्या चार्जरबद्दल आणि नळाच्या पाण्याबद्दल. रमजान सरकत सरकत फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे, म्हणजे मृग बहाराच्या संत्र्यांत. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान एकाच वर्षात लागतील. तिथून पुढची काही वर्षं आंबियाची संत्री तसराळ्यात पडतील.

भावाची मुलगी फार्मसी शिकते. तिला सगळं मापात लागतं. परवा तिनं वही घेऊन विचारलं, "फूफी, संत्री किती? केळी किती? साखर किती ग्रॅम?" मी तिला रीत सांगितली. रस आधी, केळं शेवटी, मीठ त्याच्याही नंतर, पितळ नको. माप विचारलं तेव्हा म्हटलं, आधी अंगणात जाऊन गाडीवर काय उरलंय ते बघ. मग घरातली माणसं मोज. आणि एक भांडं जास्तीचं धुऊन ठेव.